गॅस जातो कुठं?

वरकुटे,
मंगळवार, १८ मार्च २०२५

चि. कुंडलिक,

आशीर्वाद. घरात दोन मोबाइल असताना मालूअक्का कागदावर लिहिते आहे, तेव्हा आधी पोटभर हसून घे. फोन करावा तर तुझ्याकडे ठोकाठोकी चालू असते आणि माझ्याकडे हे शेजारीच असतात. मेसेज करावा तर माझा मोबाइल दिवसभर यांच्या उशाशी, बातम्या ऐकायला. म्हणून ही युक्ती काढली. दत्तोबा आम्हाला बारामतीच्या दवाखान्यात सोडून गाडी तुझ्या गॅरेजवर आणतील, तेव्हा डॅशबोर्डच्या कप्प्यात बघत जा आणि उत्तरही तिथंच ठेव. हे मागच्या सीटवर आडवे असतात. त्या कप्प्याला त्यांचा हात लागत नाही.

गाडीचा एसी पुन्हा गेला. तू गॅस भरून दिलास, थोडे दिवस गारवा टिकला आणि आता पुन्हा नुसती गरम हवा येते. माझ्यासारखीला चाललं असतं. लग्न होऊन आले तेव्हा एसटीच्या टपावर बसायची वेळ आली असती तर तिथंही बसले असते. पण यांचं तुला माहीत आहे. दिवसाला तांब्याभर पाणी, त्यातच चहा, त्यातच गोळ्या. त्यापलीकडे घोट गेला की अंगावर सूज येते. मंगळवार-शनिवार डायलिसिसला यायचं म्हणजे भर उन्हात तास-सव्वा तास, आणि घसा कोरडा पडला तरी पाणी मागायचं नाही. मी थर्मासमध्ये बर्फाचे खडे नेते. एक खडा जिभेवर ठेवतात आणि डोळे मिटून घेतात. ते बघवत नाही रे.

परवा परतताना म्हणाले, "मालती, भाजून घेत जायचं आणि पिळून घेत यायचं. राहू दे ना आता." राहू दे म्हणजे काय ते तुला सांगायला नको. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलंय, सलग खेपा चुकवल्या तर पुढे काही हातात राहणार नाही. म्हणून तुझ्या मागे लागले आहे. एसीची हौस नाही मला.

डबा पाठवला आहे, वांग्याची भाजी आहे. डबा परत देताना धुऊन दे, मागच्या वेळेसारखा ऑइलचा वास नको.

तुझी,
मालूअक्का


बारामती,
मंगळवार, १८ मार्च

मालूअक्का, नमस्कार.

कागदावर ग्रीसची बोटं उमटली आहेत, तीच माझी सही समज. डबा धुतला आहे. वास राहिला असेल तर तो माझा नाही, गॅरेजचा आहे.

उन्हाळा लागला की सगळ्या बारामतीला एकदम एसी आठवतो. सकाळपासून दारात गाड्यांची रांग आहे. कमरेचा काटा ढिला झालाय आणि ज्याला त्याला आजच गाडी हवी आहे. पण दाजींची गाडी आली की मी बाकीच्यांना बाजूला बसवतो.

अक्का, एसीचा गॅस पेट्रोलसारखा वापरून संपत नाही. तो त्याच नळ्यांतून फिरत राहतो. कमी झाला म्हणजे कुठून तरी गळला. आज मी सगळ्या जोडांवर साबणाचा फेस लावून बघितला, एक बुडबुडा निघेल तर शपथ. म्हणजे गळती बारीक आहे, नाहीतर अशा जागी आहे जिथं माझा हात पोचत नाही. आता गॅसबरोबर एक रंग आत सोडला आहे. जिथून गॅस सुटेल तिथून रंगही बाहेर येईल आणि निळी बॅटरी मारली की हिरवा चमकेल. तेवढे दिवस गाडी चालू दे.

अडचण एकच आहे. दाजी मशिनवर असतात तेवढाच वेळ गाडी माझ्याकडे असते. त्यात गॅस भरून होतो, शोध लागत नाही.

दाजींना सांग, एसीचं मी बघतो, बाकीचं तुम्ही बघा.

कुंडलिक


बारामती, दवाखाना,
शनिवार, २९ मार्च

चि. कुंडलिक,

मंगळवारपासून हवा कोमट झाली होती, आज पार गेली. काचा खाली घेतल्या तर लासुर्ण्याच्या अलीकडे उसाच्या ट्रॉलीमागे अडकलो. पाचटाचा सगळा कचरा आत. यांना ठसका लागला आणि दत्तोबांना ट्रॉली ओलांडता येईना. ते पुढून ओरडत होते, "सर, तोंडाला फडकं धरा, आलीच वाट." वाट काही येत नव्हती. ज्या लासुर्ण्यात यांनी एवढी वर्षं पोरांना विज्ञान शिकवलं, तिथल्या शाळेसमोरून जाताना मान वर करून बघितलंसुद्धा नाही.

दवाखान्यात पोचल्यावर म्हणाले, "पुन्हा असं झालं तर मी घरातून निघणार नाही. सांगून ठेवतो." चिडून म्हणाले असते तर मी भांडले असते. शांतपणे म्हणाले, त्याचीच मला भीती वाटते.

आणखी एक सांगायचं आहे, दुसऱ्या कुणाला सांगू? दारातल्या झाडाची लिंबं गायब होतात. लोणच्याला म्हणून मी डोळ्यासमोर राखलेली, चांगली पिवळी होऊ लागलेली. लिंबाचं सरबत डॉक्टरांनी यांना बंद केलंय. शेवटी तोंडावर विचारलं, "तुम्ही चोरून सरबत पिता का?" खाली मान घालून म्हणाले, "पितो एखाद्या वेळी." मला इतका संताप आला! मी रात्रंदिवस यांचं पाणी मोजते, भाजी दोनदा उकळून पाणी फेकून देते, आणि हे सरबत पितात. नंतर स्वयंपाकघरात जाऊन रडले. माणसाने पथ्य सोडलं म्हणजे त्याने मनातून काय काय सोडलंय, ते कळतं.

तू गळती शोध बाबा. मी थकले आहे. माझं वय झालंय हे मला या दोन वर्षांत समजलं.

मालूअक्का


बारामती,
शनिवार, २९ मार्च

मालूअक्का,

पत्र वाचताना हातातला पाना खाली ठेवला. दाजींनी आम्हाला चंद्रग्रहण समजावताना चेंडू आणि कंदील घेतला होता, तो अजून आठवतो. त्या माणसाने सरबत चोरून प्यावं म्हणजे कमाल आहे.

आता गाडीचं. बॉनेट उघडून वरून निळी बॅटरी मारली, कुठंच हिरवं दिसलं नाही. कॉम्प्रेसर कोरडा, जोड कोरडे. मग राहता राहिली आतली कूलिंग कॉइल, डॅशबोर्डच्या पोटात असते ती. तिच्यापर्यंत जायचं तर स्टिअरिंगपासून सगळं उतरवावं लागतं. अक्का, हे काम उभ्या उभ्या होत नाही. गाडी मला मंगळवारी संध्याकाळी दे, शनिवारी सकाळी मी स्वतः वरकुट्याला आणून देतो. परत जायला माझा पिकअप घेऊन जा. तो खडखडतो, पण थांबत नाही.

आज पुन्हा गॅस भरला आहे. ही मलमपट्टी आहे हे मला माहीत आहे.

कुंडलिक


वरकुटे,
मंगळवार, १ एप्रिल

चि. कुंडलिक,

गाडी ठेवता येणार नाही. का, ते ऐक.

पाडव्याला श्रीखंड न खाता पोळी खाऊन झाल्यावर मी यांना सांगितलं की कुंडलिक गाडी चार दिवस ठेवून घेणार आहे. तर यांचा चेहरा कितीतरी दिवसांनी खुलला. म्हणाले, "मग शनिवारी सुट्टी!" शाळेतल्या पोरासारखे. मी म्हटलं, सुट्टी कसली, पिकअप आहे, नाहीतर भाड्याची गाडी करू. तर म्हणाले, "परक्या गाडीत मी आडवा पडणार नाही. उलटी झाली तर कुणाच्या सीटवर करू? गाडी नाही म्हणजे जायचं नाही, सरळ आहे." त्यांना कारण हवं होतं आणि मीच ते ताटात वाढलं. एक शनिवार चुकला की दुसरा चुकायला किती वेळ लागतो?

तेव्हा तू वर्षभर गॅस भरत राहिलास तरी चालेल, पण गाडी मंगळवारी-शनिवारी आमच्या दारात हवी. तुला हे पटणार नाही. कामात मलमपट्टी तुला आवडत नाही हे तुझी आई, माझी मावशी, होती तेव्हापासून मी बघते आहे. पण माझ्यासाठी एवढं कर.

झाडावरची लिंबं मी आता रोज बघते. शनिवारी पुन्हा दोन कमी झाली. यावेळी मी विचारलंसुद्धा नाही.

मालूअक्का


बारामती,
मंगळवार, ८ एप्रिल

मालूअक्का,

सापडली! पण आधी तुझा कान धरायचा आहे. लहान भाऊ असलो तरी आज धरणार.

तू गाडी ठेवू देत नाहीस म्हटल्यावर मी ठरवलं की डॅशबोर्डला हात लावण्याआधी पुढचा बंपर उतरवून बघू. ते तरी तेवढ्या वेळात होतं. कंडेन्सर म्हणजे रेडिएटरच्या पुढे एसीची दुसरी जाळी असते, तिच्या बाजूने ॲल्युमिनियमचा पाइप खाली जातो. वरून तो दिसत नाही. बंपर काढला, बॅटरी मारली आणि तो पाइप हिरवागार! त्याच जागेवर काय असावं? लिंबू-मिरची. लिंबू, मिरच्या आणि खाली बिब्बा, सगळं तारेत ओवून, तार पाइपला पिळून बांधलेली.

गाडी हादरली की तार घासते आणि ॲल्युमिनियम मऊ असतं. वरून लिंबाचा रस आणि बिब्ब्याचं काळं तेल त्यावरच ओघळायचं. पाइप कापल्यासारखा चिरला होता. मी ओरडलोच, "आरं ह्यो कुणाचा उद्योग हाय?" सगळं गॅरेज जमलं.

अक्का, लोक दारात बांधतात, बंपरला बांधतात, ट्रकवाले तर मागं-पुढं बांधतात. पण बंपरवरच्या जाळीच्या आत हात घालून, कुणाला दिसू नये अशी बांधलेली मी पहिल्यांदा बघितली. दाजींच्या भीतीने तू लपवून बांधलीस हे मला लगेच समजलं. आणि ही एक नाही. प्रत्येक वेळी नवी माळ बांधताना जुनी तोडली आहे, पण तारेचा वेढा पाइपवर तसाच सोडला आहे. वेढ्यावर वेढे. खालचे गंजून लाल झालेत, वरचा चकचकीत. हे किती दिवस चाललंय गं? तुझ्या काळजीनेच दाजींना उन्हात भाजलं, हे बोलायला बरं वाटत नाही, पण बोललो.

सगळे वेढे कापून काढले आहेत. चीर आज वेल्डिंग करून बुजवली आहे, ती फार टिकणार नाही. नवा पाइप पुण्याहून मागवला आहे, शनिवारी बसवतो. डॅशबोर्ड उघडायची गरज नाही.

आता पुन्हा बांधू नकोस. देवाला हात जोड, पण एसीच्या पाइपला नको.

कुंडलिक


बारामती, दवाखाना,
शनिवार, १२ एप्रिल

कुंडलिक,

दत्तोबा समोरच्या टपरीवर चहा पीत आहेत, तो संपेपर्यंत हे लिहून होईल. बाकावर बसून मांडीवर कागद धरला आहे, अक्षर समजून घे.

ती मी बांधलेली नाही. आमच्या घरात लिंबू-मिरची? गाडी घेतली तेव्हा सासूबाईंनी, मुक्ताबाईंनी, मोठ्या प्रेमाने बंपरला बांधली होती. यांनी सगळ्यांदेखत कात्रीने कापली, ऊर्जा म्हणजे काय यावर आम्हाला अर्धा तास सुनावलं आणि त्याच लिंबाचं सरबत करून सासूबाईंना पाजलं. सासूबाई जाईपर्यंत त्या सरबताची आठवण काढून रुसायच्या. त्यानंतर कुणाची हिंमत झाली नाही.

मला वाटलं दत्तोबा असतील. विचारलं तर म्हणाले, "न्हाय ओ वैनी. सरांनी मला शाळंत बुवाबाजीवर भाषण पाठ करायला लावलं व्हतं. मी कुठं बांधतोय?"

आज सकाळी मी पोळ्या लाटत होते. हे काठी टेकत बाहेर गेले. दर शनिवारी जातात, निघण्याआधी रेडिएटरचं पाणी बघतो म्हणतात. मला बरंच वाटायचं, तेवढा तरी गाडीत जीव आहे म्हणून. आज खिडकीतून बघत राहिले. आधी झाडाखाली थांबले, काठीने फांदी वाकवली. मग गाडीपुढे बसले. कुंडलिक, या माणसाला पलंगावरून उठताना माझा हात लागतो, आणि तो गुडघे टेकून मातीत बसला. खिशातून पुडी काढली. बिब्बा माझ्याच डब्यातला असणार. मग जाळीतून हात आत घातला.

बराच वेळ चाचपत होते. वेढे तू कापलेस ना, ते हाताला लागले नसतील. हात बाहेर काढला आणि तसेच बसून राहिले. चेहरा इतका घाबरला होता की मी लाटणं टाकून धावणारच होते. पण थांबले. त्यांनी पुन्हा हात घातला आणि बांधलीच. मग जाळीवर हात ठेवून काहीतरी पुटपुटले. ते मला ऐकू आलं नाही. ऐकायला नकोच होतं.

आत आले. हाताला लिंबाचा वास. मी म्हटलं, "पाणी बघितलं?" म्हणाले, "बघितलं. ठीक आहे."

गंजलेले वेढे म्हणालास ना, ते डायलिसिस सुरू झालं तेव्हाचे असतील. म्हणजे तोंडाने राहू दे, नको आता, सुट्टी, असं म्हणत होते, आणि प्रत्येक शनिवारी सुखरूप जावं-यावं म्हणून मातीत बसत होते. सरबताचा आळ मुकाट्याने घेतला. पथ्य मोडतो म्हणून मी किती बोलले रे त्यांना! खरं सांगण्यापेक्षा त्यांना माझी बोलणी खाणं सोपं वाटलं. इतके दिवस मी समजत होते की हे सोडून चालले आहेत आणि मी एकटीच ओढते आहे. तसं नाही. त्यांना जगायचं आहे. हे लिहिताना माझे डोळे वाहत आहेत, समोरची बाई मला पाणी आणून देते आहे.

माळ तोडून टाकू नकोस. पाइप तर बदल, पण तिला दुसरी जागा कर. आणि यांच्याशी यातलं एक अक्षर बोलू नकोस. दत्तोबांचा चहा संपला.

अक्का


बारामती,
शनिवार, १२ एप्रिल

अक्का,

तुला नको ते बोललो, ते पाण्यात टाक.

नवा पाइप बसवला, रबरी रिंगा नव्या घातल्या, आतली हवा ओढून थांबून बघितलं. मीटरचा काटा जागचा हलला नाही. मग गॅस भरला. आता गळती नाही, हे मी छातीठोक सांगतो.

बंपरच्या मागे लोखंडी पट्टी असते, तिला एक हूक वेल्ड केला आहे. जाळीतून हात घातला की पहिला तोच हाताला लागेल, गुडघे टेकायची गरज नाही, थोडं वाकलं की पुरे. पाइप तिथून लांब आहे. हुकावर रबराची नळी चढवली आहे, तार घासली तरी चिंता नाही. पट्टीला रंग मारला आहे, लिंबू कितीही ओघळू दे.

माळ सोडवून हुकाला बांधली. दाजींची गाठ फार नीट असते, तशी मला जमली नाही, ओळखतील. कारागिरांनी विचारलं, "शेठ, ह्ये कशाला?" म्हटलं, "गाडीचा पार्ट हाय त्यो. गप काम करा."

गाडी घेऊन दवाखान्याच्या दारात मी स्वतः येतो आहे. दाजी बाहेर येताना लांबून बघीन, पण पुढे होणार नाही. माझ्या तोंडावरून काहीतरी दिसेल.

कुंडलिक


वरकुटे,
शनिवार, १९ एप्रिल

चि. कुंडलिक,

आशीर्वाद. एसी इतका गार आहे की मंगळवारी हे म्हणाले, "मालती, कमी कर, नाहीतर शाल दे." शाल दिली. बर्फाचे खडे थर्मासमध्ये तसेच वितळून गेले. थकवा आहेच. येताना पिळून निघतात, त्यावर तुझ्याकडे औषध नाही आणि डॉक्टरांकडेही नाही. मीही काही ताजीतवानी झालेली नाही. पण आता एकटी ओढते आहे असं वाटत नाही.

आज सकाळी हे नेहमीसारखे बाहेर गेले. मी खिडकीत गेले नाही. मुद्दाम मिक्सर लावला, म्हणजे माझं लक्ष नाही असं त्यांना वाटावं. पण आज फार लवकर परत आले. दारात उभे राहून म्हणाले, "कुंडलिकनं पुढं हूक लावलाय."

म्हटलं, "नंबरप्लेट खडखडत होती म्हणे, तिच्यासाठी असेल."

माझ्याकडे बघत राहिले. वर्गात पोराने खोटं उत्तर दिल्यावर बघत असतील तसे. मग म्हणाले, "चांगला मजबूत केलाय." आणि हात धुवायला गेले. जाता जाता विचारलं, "निघायचं ना? उशीर नको व्हायला." दोन वर्षांत निघायचं ना म्हणून त्यांनी विचारलेलं मला आठवत नाही. दर वेळी मीच म्हणत आले आहे.

यंदा लोणच्याची लिंबं बाजारातून आण आणि डब्याबरोबर पाठव. झाडावरची मी काढत नाही. खालची फांदी दोरीने जरा आणखी खाली ओढून बांधली आहे.

मालूअक्का